इन्फ्लुएन्झा : माणसाचा कीं डुकराचा ?

ज्या सांथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले, ती १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची सांथ अमेरिकेंतील आयोवा राज्यांत चालू असतांच तेथील डुकरांच्या कळपांतही तसाच आजार उद्भवला. ताप, वाहणारें नाक, खोकला आणि धाप. पाहतां पाहतां सारा कळप आडवा होई. जे. एस. कोएन या सरकारी पशुवैद्यानें दोन्ही व्याधि एकच आहेत असें निदान केलें व या नव्या दुखण्यास 'डुकरांचा फ्लू' हें नांव दिलें. नांव ऐकतांच डुकरें पाळणारे आणि मांसाचे व्यापारी खवळले. गिऱ्हाईक बिथरेल हें त्यांचें भय. रोगापेक्षां रोगाच्या नांवाची धास्ती बाजारास नेहमींच अधिक ! कोएन मात्र आपल्या शब्दापासून ढळला नाहीं.

त्याच्या म्हणण्यास आधार मिळण्यास बारा-तेरा वर्षें लागलीं. आयोवाचाच सुपुत्र रिचर्ड शोप यानें आजारी डुकरांच्या श्वासमार्गांतील स्राव, जंतूंनाही अडविणाऱ्या सूक्ष्म गाळणींतून गाळला. त्या गाळलेल्या द्रवानेंही निरोगी डुकरांस सौम्य आजार झाला. हें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनीं फ्लूच्या रोग्याच्या गुळण्यांचें पाणी फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकांत घातलें, आणि माणसाचा विषाणुही हातीं लागला.

पुढील शोध अधिक मनोवेधक आहे. १९१८ ची सांथ पाहिलेल्या प्रौढांच्या रक्तांत डुकरांच्या विषाणूस निष्प्रभ करणारें द्रव्य सांपडलें. मागाहून जन्मलेल्या बालकांत तें बहुधा आढळेना. डुकरांतील विषाणु त्या सांथीचाच वंशज असावा, असें अनुमान यावरून निघालें.

मग मूळ कोणाचें ? १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकरचना २००५ सालीं वाचून झाली, ती पक्ष्यांच्या विषाणूंशीं जवळची निघाली. रानबदकांच्या आंतड्यांत असे विषाणु बहुधा त्यांना न पीडतां नांदतात. डुकरांना तो रोग माणसांकडूनच मिळाला असावा. म्हणजे नांवाबद्दल तक्रार करण्याचा खरा अधिकार डुकरांचाच होता.

डुकराच्या श्वासमार्गांत मात्र पक्ष्यांचे व माणसांचे, दोन्ही विषाणु शिरूं शकतात. एकाच पेशींत दोघांची गांठ पडली तर त्यांच्या जनुकांच्या आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच निपजतो. २००९ सालचा 'स्वाइन फ्लू' अशाच मिश्रणांतून आला. भारतांतील त्याचा पहिला बळी त्या सालच्या ऑगस्टमध्यें पुण्यांत पडला. त्यानंतर माणसांनीं तो डुकरांस अनेकवार परतही केला आहे.