चंपाषष्ठीची तळी

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस ज्या घरी खंडोबाचा घट बसतो, त्या घरचे पुढील सहा दिवस निराळेच असतात. देव्हाऱ्यात नंदादीप अखंड तेवता ठेवावयाचा, घटावर रोज माळ चढवावयाची आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तळी भरावयाची, असा हा क्रम. आषाढातल्या कांदेनवमीनंतर ज्या घरांतून कांदा-वांगे हद्दपार होते, त्यांपैकी पुष्कळ घरांत ते याच दिवशी पानात परत येते. इतक्या महिन्यांनी मिळणारा भरताचा तो पहिला घास मुलांच्या मनात पोथीतल्या मणि-मल्लांच्या कथेपेक्षा खोल रुजतो, यात नवल नाही.

कुळाचार म्हटला की आजा, बाप, मुलगा अशी पुरुषांची ओळ डोळ्यांपुढे उभी राहते. पण हा आचार प्रत्यक्षात जिच्या हातून चालतो, ती त्या कुळात जन्मलेली नसते. ती सून. तिच्या माहेरी कदाचित बोडण असेल, देवीचे नवरात्र असेल. खंडोबाचा घट तिने कधी पाहिलाही नसेल. रोडगा किती जाड थापावा, निखाऱ्यावरून केव्हा काढावा, दिवे पुरणाचे करावे की कणकेचे, हे तिला सासूने सांगावयाचे. आणि सासूलाही ते तिच्या सासूनेच सांगितलेले. म्हणजे ज्या परंपरेला आपण घराण्याची म्हणतो, ती परघरांहून आलेल्या स्त्रियांनी एकमेकींच्या हाती दिलेली आहे. यातले बरेचसे कोठेही लिहिलेले नसते. सासू अकाली गेली, की गावाकडच्या मोठ्या जावेला विचारण्यावाचून गत्यंतर नसते. जिच्याशी वर्षभर बोलणे नाही, तिलाही मग चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी दूरध्वनी केला जातो!

तथापि या शिकवणीची दुसरी बाजूही लपविण्यात अर्थ नाही. सासरचा आचार शिकताना माहेरचा मागे ठेवावा लागतो, आणि सोवळ्याचा सारा भार जिच्या शिरावर असतो, तिला दहाच्या ठोक्याला कचेरीही गाठावयाची असते. ज्या घरांनी हा भार वाटून घेतला, तेथे तो टिकण्याची आशा अधिक.

तळी भरण्याचा विधी मात्र एकट्याने उरकण्यासारखा नाहीच. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, पैसा, खोबरे आणि भंडार ठेवून, तीन, पाच अथवा सात अशा विषम संख्येने पुरुषांनी त्याला हात लावावयाचा आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ अशा गजरात ते तीनदा उचलावयाचे. पाच जण जमावेत म्हणून पूर्वी वाटण्या झालेले भाऊसुद्धा एका ताम्हनाला हात लावीत. बांधावरून भांडण असले, तरी तळीपुरते ते बाजूला राही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होई, हा भाग वेगळा.

जेजुरीच्या या देवाचा परिवारही मोठा मिश्र आहे. म्हाळसा वाण्यांची, तर बाणाई धनगरांची. कर्नाटकात तो मैलार, तेलंगणात मल्लण्णा. होळकरांचे हे कुलदैवत. त्यामुळे अठराव्या शतकात माळव्यात त्यांची सत्ता स्थिरावली, तेव्हा येळकोटाचा गजर नर्मदेपलीकडेही पोचला.

आज दिल्ली, बंगळूर वा हैदराबाद येथील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाच पुरुष आणावयाचे कोठून? काही घरांत म्हणून तळी बंदच पडली. काहींनी शेजारच्या कानडी वा तेलुगू गृहस्थांना बोलाविले. त्यांना देव अपरिचित नव्हता, केवळ नाव निराळे होते. काही ठिकाणी घरच्या मुलींनीच ताम्हनाला हात लावला. जुन्या माणसांना हे प्रथम रुचत नाही. पण मोजणीच्या हट्टापायी तळीच न भरणे आणि नातीचा हात लागू देणे, यांतील निवड फारशी अवघड नसावी. उद्या तीच नात सासरी जाईल, तेव्हा आणखी एका घराचा आचार शिकेल. कदाचित आपलाही तेथे नेईल.

तळी झाली, भंडार कपाळी लागला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, की एक काम उरते. खंडोबाच्या कुत्र्याचा वाटा काढावयाचा असतो. वाड्याच्या दाराशी कुत्रे आपणहून येत असे. चौथ्या मजल्यावर ते कोठून येणार? तेव्हा रोडगा आणि भरीत पानावर घेऊन नातवंडे जिना उतरतात आणि कुत्रे शोधीत रस्त्याने हिंडतात. गुडघे दुखत असले तरी आजोबा त्या दिवशी त्यांच्याबरोबर खाली जातात.