ळ चं बटण

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात छंदांविषयीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून थोडा नीट करून दिला आहे.)



कार्यकारिणीने ‘छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोला असं सांगितलं. मी रेल्वेच्या सिग्नल विभागातला माणूस, जळगावच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. मला छंद तीन. वाचन, मांजरं आणि घरी संगणकाचे कीबोर्ड बनवणं. पहिले दोन कुणाला खटकत नाहीत. तिसरा ऐकला की लोक म्हणतात, अहो, बाजारात पाचशे रुपयांत मिळतो की! मिळतो. आमच्या सौ.चंही तेच म्हणणं आहे.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. साठ बटणं असतील तर प्रत्येकाची वेगळी तार नेत नाहीत. बारा उभ्या आणि पाच आडव्या ओळी करायच्या, म्हणजे सतरा तारांत भागतं. आतली चिप क्षणोक्षणी एकेक ओळ तपासते आणि कोणत्या चौकात जोड झाला ते ओळखते. प्रत्येक बटणाला एक डायोड लावावा लागतो, नाहीतर तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं चौथंही उमटतं. डायोड १एन४१४८, चिप अ‍ॅटमेगा ३२यू४. मेट्रोने मंडी हाऊसला गाडी बदलून लाल किल्ल्याला उतरायचं, समोरच्या लाजपतराय मार्केटमधून डायोड आणायचे आणि रविवारी सोल्डरचे डाग देत बसायचं. ज्याने रिले रूममध्ये तारा शोधत रात्री काढल्या आहेत त्याला यात परकं काही वाटत नाही.

मांजरांचं म्हणाल तर दोन आहेत, मनी आणि ठमी. उघडी तार दिसली की ठमी ती चावते, आणि मनीला जगातली एकच जागा बसायला योग्य वाटते, ती म्हणजे चालू कीबोर्ड. आमच्या स्टेशनच्या पॅनेलवर नुसतं एक बटण दाबून गाडीचा मार्ग लागत नाही. सिग्नलचं आणि मार्गाचं अशी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. चुकून एकावर कोपर टेकलं तर काही होऊ नये, म्हणून ही योजना. मी सौ.ला म्हणायचो, कीबोर्डही असाच हवा होता, मनीचा त्रास वाचला असता.

हे विधान मला नंतर मागे घ्यावं लागलं.

माझे वडील, अप्पा, चाळीसगावच्या कोर्टाबाहेर टंकलेखक होते. मराठी चाळीसची परीक्षा पास, स्वतःचं गोदरेजचं मशीन. गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर १९५५ साली काढला आणि २००९ मध्ये उत्पादन बंद केलं. अप्पांचं मशीन त्याच्याही आधी थकलं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं बडवली. प्रत्येकाच्या डोक्यावर ‘ता. चाळीसगाव, जि. जळगाव’. आई गेल्यावर ते आमच्याकडे नोएडाला आले. इथे कुणी ‘चालीसगाँव’ लिहिलेलं दिसलं की चिडतात. गंमत अशी की घरी आम्ही अहिराणी बोलतो, तिच्यात ळ चा य होतो. सकाळ म्हणजे सकाय, आणि जळगावला अप्पा स्वतः जयगाव म्हणतात. पण लिहिताना ळ हवाच.

२०२२ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. पुढच्या दिवाळीत त्यांनी मला विचारलं, या संगणकावर मराठी टाइप होतं का? मी म्हटलं, होतं की, पण तुम्ही सांगा, मी लिहून देतो. नको म्हणाले. तोंडाने बोललेलं आपोआप उमटतं, तेही दाखवलं. त्यांचं बोलणं मशीनला कळेना. शिवाय ते बोलले असते तर ते आम्हीही ऐकलं असतं. माझ्या काकांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नाही. बांधावरून झालं, सगळ्यांच्या घरी होतं तसंच. पत्र त्यांना लिहायचं होतं. आयुष्यभर ज्याने लोकांची गाऱ्हाणी ऐकून कागदावर उतरवली, त्याला आपलं सांगायला मध्ये माणूस नको होता.

मराठीसाठी सरकारमान्य मांडणी आहे ती इन्स्क्रिप्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८० च्या दशकात आणली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती आहे. कल्पना उत्तम आहे. क चं बटण मराठीत तेच, बंगालीत तेच, तमिळमध्येही तेच. पण सगळ्यांची सोय बघताना आपला ळ गेला ल च्या डोक्यावर आणि ण गेला म च्या डोक्यावर. म्हणजे एका बोटाने शिफ्ट धरायचं आणि दुसऱ्याने अक्षर दाबायचं. एका हाताच्या शहात्तर वर्षांच्या माणसाला हे जमेना. पॅनेलची दोन बटणं माझ्याच घरात आडवी आली.

मी उत्साहाने कामाला लागलो आणि आधी चुकलो. हौशी लोकांत दोन तुकड्यांच्या कीबोर्डची फॅशन आहे, डाव्या हाताला एक तुकडा, उजव्याला एक. तसा बनवून अप्पांसमोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “दोन कशाला? मला हात एकच आहे.”

दुसरा केला तो एकसंध, छोटा. त्यात शिफ्ट धरून ठेवायचं नाही, एकदा टिचकी मारून सोडायचं, पुढचं अक्षर आपोआप वरचं येतं. ळ ला आणि ण ला स्वतंत्र बटण. यात जादू नाही. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही, कोणतं बटण दाबलं तेवढंच कळवतो. माझं ळ चं बटण ‘शिफ्ट आणि एन’ असं खोटंच सांगतं, पुढचं संगणक बघतो. बटणं मी मुद्दाम हलकी घेतली, चेरी कंपनीची लाल, पंचेचाळीस ग्रॅमला दबणारी. अप्पांना ती फार हलकी. टाइपरायटरवर बोटं टेकवून बसायची सवय, त्यामुळे टेकताच अक्षरांची रांग लागायची. साठही काढली आणि साठ ग्रॅमची काळी बसवली. तेव्हा म्हणाले, आता मशीनसारखं वाटतंय.

खरा पेच पहिल्या वेलांटीचा. टाइपरायटरवर ती आधी मारायची आणि अक्षर मागून. इन्स्क्रिप्टमध्ये उलट, उच्चाराप्रमाणे आधी अक्षर. मी कीबोर्डलाच शिकवलं की वेलांटी आली तर पुढचं अक्षर येईपर्यंत दाबून धर. ‘मिळाली’ झकास आलं. ‘स्थिती’ लिहिताना मात्र वेलांटी स वरच अडकून पडली, कारण पुढे जोडाक्षर येणार हे त्याला आधी कळायचं कसं? तीन रविवार खटपट करून सोडून दिलं. अप्पा म्हणाले, राहू दे, मी बोटं बदलतो. मग ते व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ समोर धरून रोज एक पान उतरवू लागले, टाइपिंगच्या क्लासमध्ये पोरं करतात तसं. मनी मांडीवर. हे पुस्तकही १९५५ चं, गोदरेजच्या मशीनच्या वयाचं. पंधराव्या पानाच्या सुमारास वेलांट्या जागेवर आल्या.

एक फजिती सांगायलाच हवी. एकदा मनी माझ्या लॅपटॉपवर पंजांनी पीठ मळल्यासारखं करत होती. शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं आणि पडद्यावर एक चौकट आली. नववीतली मुलगी वाचून म्हणाली, “बाबा, शिफ्ट न धरता वापरायची सोय विंडोजमध्ये आधीपासूनच आहे.” स्टिकी कीज म्हणतात तिला. मी चार महिने खपलो होतो! सौ. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. तरी ळ चं बटण त्यात नाही, एवढं मी अजून म्हणतो.

पत्राला नऊ दिवस लागले. छापायची वेळ आली तेव्हा अप्पांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि नातीकडून ‘प्रिंट’चं बटण तेवढं विचारून घेतलं. पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, स्पीड पोस्टाने पाठवतो. “सही करून घ्यायची असली की नोटीस वाटते. साधं टाक.” पाकिटावर डाव्या हाताने काढलेला पत्ता होता, वाकडा, पण दोन्ही ळ नीट. साध्या टपालाने टाकलं. काकांचं उत्तर अजून नाही. अप्पा विचारत नाहीत, पण दुपारी पोस्टमनच्या वेळेला खुर्ची दाराशी ओढून घेतात. बनगरवाडी संपून आता दुसरं पुस्तक लावलंय.

दोन तुकड्यांचा तो पहिला कीबोर्ड मी सोबत आणला आहे, प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवलाय. मुलांनी खुशाल दाबून बघावा. हात मात्र आधी धुवा, मोदकाचं तूप आत गेलं की डाग सुटतात. आणि कुणाच्या घरी कुणाला एका हाताने लिहायची वेळ आली असेल तर मला सांगा. रविवारी मी घरीच असतो.

गणपती बाप्पा मोरया!