शिरगणतीत बाईचा धंदा कोणता?



शिरगणतीचा मास्तर दारी आला म्हणजे आपण ओटीवर बसून सांगतो, "मी शेतकरी, ती घरीच असते." ती घरी कुठे असते? त्या घटकेस ती खुरपे घेऊन वावरात असते! पण नावापुढे 'घरकाम' पडते. 2011 च्या शिरगणतीत या रकान्यात सुमारे 16 कोटी बाया गेल्या व काम न करणाऱ्यांत धरल्या गेल्या. (त्यांत खरोखर घरकामच करणाऱ्याही असतील, पण त्या तरी रिकाम्या कुठे होत्या?)

नियम मात्र तसा नाही. शेतावर नुसती देखरेख ठेवणारा मालकही नियमाने शेतकरी ठरतो; मग निंदणी-कापणी करणारी त्याची कारभारीण का नव्हे? मजुरी हातात पडलीच पाहिजे, अशी अट नाही. घरापुरते दूधदुभतेही 2001 पासून कामात मोजतात. कुंभारीण माती मळते, कोष्टीण कांड्या भरते. तो घरगुती उद्योगच होय. वर्षात 6 महिने काम भरले तर 'मुख्य', कमी भरले तर 'सीमांतिक'. तेव्हा महिने मोजून ठेवा. 2027 च्या शिरगणतीचा माणूस येईल त्या वेळी बाईने आपला जबाब आपण द्यावा, व काय लिहिले ते वाचून दाखवावयास सांगावे.