आत माया आहे का?



ब्लाउज शिवायला टाकताना आपल्याकडच्या बायका शिंप्याला एक गोष्ट हमखास बजावतात. ‘आत माया ठेवा हं!’ माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की टीप उसवायची आणि तेवढं कापड बाहेर काढायचं. एरवी ते दिसत नाही, कपडा उलटा केल्याशिवाय कळतही नाही. जुन्या कपड्यांविषयी मला आज जे सांगायचं आहे, ते या उलट्या बाजूविषयीच आहे.

कपडा उलटा करून बघायला मला शिकवलं ते एका बोहारणीनं. 1968 च्या सुमाराची गोष्ट. आम्ही पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहायचो. दुपारची जेवणं उरकून वाडा जरा लवंडला, की बोळातून तिची लांबलचक हाक यायची, ‘भांऽऽडी’. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीला गाठोडं. ओट्यावर पाटी उतरवून ती घोटभर पाणी मागायची आणि मग आई आतून भांड्यांच्या बदल्यात द्यायच्या जुन्या कपड्यांचा ढीग आणायची.

तिचं कपडे बघणं हा माझ्यासाठी खेळ होता. साडीचा रंग, छपाई, पदर यांच्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. आधी कपडा उलटा करायची. पँट असेल तर बैठकीची जागा आणि गुडघे आभाळाकडे धरायची, कुठे उजेड झिरपतोय का ते बघायला. साडी असेल तर मधला भाग दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणायची. धागे सरकले की म्हणायची, ‘विरलंय ताई, धुतलं की जाईल.’ सुती साड्यांना ती फारसा भाव देत नसे. वडिलांची टेरिलीनची पँट मात्र दिसली की हात आखडता घ्यायची नाही, कारण टेरिलीन मरत नाही, पुढे विकलं जातं.

त्या वर्षी ढिगात माझा एक परकर होता. जांभळा, आजीच्या इरकली लुगड्याचा. हे लुगडं आजीनं वर्षानुवर्षं नेसलं होतं. मध्ये विरल्यावर त्याला दंडही घातला होता. नवीन पिढीसाठी सांगते, नऊवारी लुगडं मधल्या भागात आधी विरतं, तिथं बसण्याउठण्याचा ताण येतो. मग विरलेला तुकडा कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड भाग एकमेकांना जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसताना ती शिवण निऱ्यांत लपवायची, हे प्रत्येकीला ठाऊक असे. दंडाच्याही पलीकडे लुगडं गेलं, तेव्हा आजीनं त्यातला चांगला भाग काढून माझा परकर शिवला. खाली दोन आडव्या दुमडी घातल्या. दर वर्षी एक उसवायची. दोन्ही उसवून झाल्या होत्या, परकर पोटऱ्यांवर आला होता आणि आजी त्या हिवाळ्यात गेली होती. आईनं तो मुकाट्यानं ढिगात ठेवला. मीही काही बोलले नाही. दाराच्या आडून बघत राहिले.

बोहारणीनं परकर उलटा केला, नेहमीसारखा ताणून बघितला आणि नेफ्यावर तिची बोटं थांबली. नेफा म्हणजे नाडी ओवायची जागा. तिनं तो चिमटीत धरून दाबला. ‘जाड लागतोय.’ मग नखानं दोन टाके उचकटले. आत चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. त्याला ना ऊन लागलं होतं ना साबण, त्यामुळे ते गडद जांभळं होतं, बाहेरचा परकर त्याच्यापुढे राखाडी दिसायला लागला. ‘माया हाय ह्यात. पोरीला आजून दोन सालं निघतील.’ एवढं म्हणून तिनं परकर आईकडे सरकवला आणि पुढचा कपडा उचलला.

आईला हे ठाऊक नव्हतं. आजीनं सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ठरलेल्या डब्याऐवजी आम्हाला एक वाटी मिळाली. परकराचे बोहारणीला बाजारात पैसे आले असते, हे मला आज कळतं. तिनं ते सोडले, आणि ती काही आमच्या घरी रोज येणारी जाणारी नव्हती. परकर मी खरोखर दोन वर्षं वापरला. वरचा पट्टा गडद आणि खालचा भाग फिका. नेसल्यावर तो गडद पट्टा पोलक्याखाली झाकला जायचा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आवडता कपडा कोणता, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत तो परकर सांगेन.

कपड्याची उलटी बाजू घरात आणखीही एका कामी यायची. वडिलांच्या शर्टांची कॉलर आई रविवारी उलटवायची. ज्यांनी हे बघितलंय त्यांच्या डोळ्यांसमोर ते लगेच येईल. मानेच्या घर्षणानं कॉलरची घडी झिजते, तिथे पांढरी दशी दिसायला लागते. मग ब्लेडनं कॉलर पट्टीतून अलगद सोडवायची, आतली बाजू वर करायची आणि पुन्हा त्याच टिपेवर टीप मारायची. आई ब्लेड चालवताना श्वास धरायची, कारण एकदा का कापड कापलं गेलं की शर्ट गेला. उलटवलेली कॉलर शर्टाच्या अंगापेक्षा थोडी गडद दिसते. कचेरीत कुणालाही ते सहज ओळखता येत असणार. वडील ती कॉलर ताठ इस्त्री करून घालायचे. लोकरी कोटही शिंपी अख्खा उसवून, आतली बाजू बाहेर करून नव्यानं शिवून देत. अशा कोटाचा वरचा खिसा मग डावीकडचा उजवीकडे जायचा.

बोहारीण कपडे नेते, त्यांचं पुढे काय होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. या व्यवसायातल्या पुष्कळ बायका मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजातल्या. दिवसभर दारोदार फिरायचं आणि जमलेलं पहाटे बाजारात विकायचं. दिल्लीत रघुबीर नगरला याचा मोठा बाजार भरतो, उजाडायच्या आत. तिथून कपडे वाटांवाटांनी जातात. चांगले असतील ते धुऊन, रफू करून, इस्त्री मारून फुटपाथवर विकायला येतात. अस्सल जरीच्या साड्या वेगळे लोक घेतात, जर जाळून चांदी काढायला. फाटकं सुती कापड गॅरेजमध्ये आणि छापखान्यात यंत्रं पुसायला जातं. आणि लोकर जाते हरयाणात, पानिपतला. आपण मराठी माणसं पानिपत म्हटलं की एकाच गोष्टीनं हळहळतो, पण ते गाव जुन्या लोकरीसाठीही ओळखलं जातं. परदेशातून टाकलेले स्वेटर आणि कोटसुद्धा तिथे गठ्ठ्यांनी येतात. बायका बसून त्यांची बटणं, चेन, अस्तर काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. लालाचा लाल, निळ्याचा निळा. मग यंत्रात पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं. ढीग रंगवार लावलेले असल्यानं सूत नव्यानं रंगवावं लागत नाही. या सुताची जाड कांबळी होतात आणि भूकंप-पुरात माणसांच्या अंगावर पडतात.

आता खरेदीविषयी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराला मी लग्नानंतर जायला लागले. बुधवारी आणि रविवारी भरतो. लोखंडी सामान, जुनी नाणी, घड्याळं, कुलपं यांसाठी त्याचं नाव आहे, पण ताडपत्रीवर कपड्यांचे ढीगही असतात. तिथे कसं बघावं, ते सांगते. सकाळच्या उजेडात जा. ट्यूबलाइटखाली डाग लपतात. कपडा हातात आला की उलटा करा. काख बघा, कॉलरची घडी बघा, पँटची बैठक बघा, खिशाचे कोपरे बघा. काखेतला पिवळा डाग सहसा निघत नाही, त्याच्या नादी लागू नका. लोकर असेल तर आभाळाकडे धरा, कसर लागली असेल तर टाचणीएवढ्या भोकांतून उजेड दिसेल. बटणं नाहीत म्हणून चांगला शर्ट सोडू नका, बटणं थोडक्या पैशांत येतात. काज फाटलेलं असेल तर मात्र ठेवून द्या. आणि शेवटी शिवण उघडून माया बघा. हल्लीच्या तयार कपड्यांत ती जवळजवळ नसतेच. यंत्र कडेला लगोलग कापत आणि दोरे गुंफत जातं, अर्धा सेंटीमीटर उरतं. तो कपडा जितका आहे तितकाच. तुमच्यासाठी तो जराही सैल होणार नाही.

1991 च्या डिसेंबरात मला तिथे एका लहान मुलीचा कोट मिळाला. निळी लोकर, आत सॅटिनचं अस्तर. विकणारे आजोबा चाळीस रुपये म्हणाले. मी सवयीनं बाही उलटी केली आणि तशीच उकिडवी बसून राहिले. बाहीच्या टोकाशी, आतून, एकाखाली एक दोन फिकट रेघा होत्या. शिवण दोनदा उसवून बाही दोनदा लांब केलेली होती. पहिली रेघ जुनी, जवळजवळ पुसलेली, दुसरी अजून स्पष्ट. दोन रेघांमध्ये बोटभर अंतर. कोण मुलगी, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता, पण तिचा हात एका वर्षात बोटभर वाढला होता, हे माझ्या समोर होतं. घरात कुणीतरी हिवाळा आला की कोट काढून तिला घालून बघत होतं, मनगट उघडं पडलंय असं म्हणत होतं आणि दिव्याखाली बसून उसवत होतं. दुसऱ्यांदा घातलेले टाके पहिल्यापेक्षा मोठे होते. हात तोच, नजर कमी झालेली, असं मला वाटलं. घासाघीस न करता मी चाळीस रुपये दिले.

घरी आणून कोट रिठ्याच्या गार पाण्यात बुडवला. पाणी तीनदा काळं झालं. सावलीत आडवा वाळवला, कारण ओली लोकर टांगली की ओघळते. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला तो नेमका आला. ‘हा कुणाचा?’ तिनं विचारलं. मी तिला रेघा दाखवल्या. तिनं आपलं मनगट त्यांच्याशी लावून बघितलं, आणि पुढच्या हिवाळ्यात स्वतःहून कोट घेऊन माझ्याकडे आली, ‘माझी रेघ कधी काढायची?’

दुसऱ्याला जुने कपडे देण्याबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. एका पुराच्या वेळी मी एका ठिकाणी कपडे निवडायला गेले होते. पोत्यांतून परकर निघत होते, नाडी नसलेले. शर्ट निघत होते, सगळी बटणं कापून घेतलेले. देणाऱ्यानं बटणं घरात ठेवून घेतली होती. जिचं घर वाहून गेलंय, ती बाई नाडी कुठून आणणार? त्या दुपारी आम्ही आठ-दहा जणी फक्त नाड्या ओवत बसलो. कपडे द्यायची याहून बरी रीतही आहे. दिल्लीला अंशू गुप्तांनी 1999 मध्ये ‘गूंज’ ही संस्था सुरू केली, घरातल्या 67 कपड्यांपासून. 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकरी आपल्या गावाची विहीर, बंधारा, रस्ता अशी कामं करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात, अशी त्यांची पद्धत आहे. म्हणजे घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. आणि जे सुती कापड नेसण्याजोगं राहिलेलं नाही, ते स्वच्छ धुऊन संस्था त्याच्या पाळीसाठी घड्या बनवते. या विषयावर आपण रेडिओवर सहसा बोलत नाही. पण आपल्या आज्यांनी, आयांनी जुन्या लुगड्यांच्या घड्यांवरच दिवस काढले, आणि ज्या घरात विरलेलं लुगडंसुद्धा नव्हतं, तिथल्या बायकांनी काय सोसलं असेल, याचा विचार करावासा वाटतो.

आमच्या घरात बाळ जन्मलं की अजूनही पहिली दुपटी नव्या कापडाची करत नाहीत. नवं कापड बोचतं. शंभरदा धुतलेलं, मऊसूत झालेलं धोतर किंवा लुगडं लागतं. माझ्या लेकीची पहिली लंगोटं तिच्या आजोबांच्या धोतराची होती आणि दुपटी माझ्या आईच्या साडीची. त्या दुपट्यांचे तुकडे पुढे गोधडीत गेले. जांभळा परकरही त्याच गोधडीत आहे. आई धावदोरा कडेपासून सुरू करून गोल गोल आत आणायची. हात फिरवला की परकराचा गडद पट्टा कुठे आहे, ते मला अंधारातही सापडतं, कारण तिथलं कापड अजून जरा करकरीत लागतं.

कोटाच्या बाहीवर माझ्या लेकीच्या दोन रेघा पडल्या. मग माया संपली. उसवायला काही उरलं नाही आणि तिचे हात तर वाढतच होते. द्यायच्या आधी एका रात्री मी बाह्यांच्या टोकाला आतून निळ्या लोकरीच्या पट्ट्या जोडल्या, दोन बोटं रुंद, आणि त्या आत दुमडून हातानं टाके घातले. पुढच्या बुधवारी कोट घेऊन जुन्या बाजारात गेले. ताडपत्रीवर बसलेल्या बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, बाहीचं टोक चिमटीत धरून दाबलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘कुणी ठेवली?’