आडव्या तेलविहिरी आणि कॉइल्ड ट्युबिंगची मर्यादा

(चंदीगड येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

लोकसंख्येच्या प्रमाणात अधिक वाहने असणाऱ्या देशातील शहरांत चंदीगडची गणना होते. येथील इंधनाच्या खर्चाचा विचार करताना दोन गोष्टी समोर येतात. भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, ही पहिली. दुसरी म्हणजे, देशांतर्गत उत्पादनाचा मोठा भार अजूनही मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’ या जुन्या सागरी क्षेत्रावर आहे. तेथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडीच्या थरांत आहे. उभी विहीर अशा थराला थोड्याच अंतरात छेदून जाते आणि उपसा वाढविताच तेलाबरोबर पाणी किंवा वायू ओढला जातो. आडवी विहीर थराच्या आतूनच शेकडो मीटर जाते, म्हणून कमी ओढीने अधिक तेल मिळते. २००० नंतरच्या पुनर्विकास योजनांत अशा विहिरींवर भर देण्यात आला, तो याच कारणाने.

मात्र विहीर खोदली म्हणजे काम संपले असे होत नाही. चुनखडीत आम्ल सोडणे, साचलेला गाळ काढणे, काही वेळा पुढचे खोदकाम करणे, यासाठी कॉइल्ड ट्युबिंग वापरतात. ही मोठ्या रिळावर गुंडाळलेली, सांधे नसलेली पोलादी नळी होय. सांधे जोडण्याचा वेळ वाचतो, हा तिचा लाभ. परंतु ती पृष्ठभागावरून फिरविता येत नाही, केवळ ढकलावी लागते. उभ्या भागात नळीचे वजन तिला खाली नेते. आडव्या भागात तेच वजन भिंतीवर टेकून घर्षण निर्माण करते.

५०.८ मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची नळी घेऊ. पाण्यातील तिचे वजन मीटरला सुमारे ४ किलो भरते. घर्षणगुणांक ०.३ धरल्यास १,००० मीटर आडव्या भागासाठी सुमारे १,२०० किलोचा रेटा लागतो. आता १९८४ मध्ये डॉसन आणि पासले यांनी मांडलेले सूत्र पाहावे. १५२ मिलिमीटर व्यासाच्या विहिरीत ही नळी सुमारे १,००० किलोच्या रेट्यालाच नागमोडी वाकू लागते. रेटा सुमारे १,४५० किलोवर गेला की ती मळसूत्रासारखी पिळते. त्यापुढे भिंतीवरील दाब रेट्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रेटा दुप्पट केला तर दाब चौपट होतो. अखेर वरून कितीही ढकलले तरी टोकापर्यंत काहीच पोहोचत नाही; या अवस्थेस ‘लॉक-अप’ म्हणतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबावयास हवे. विहिरीच्या दूरच्या टोकापर्यंत नळी जात नसेल, तर त्या टोकास अशा नळीने आम्ल देता येत नाही. खोदकामाचा खर्च पूर्ण झालेला असतो. उत्पन्न मात्र अर्धवट. म्हणून बलांचे गणित गुंतवणुकीच्या निर्णयाआधी व्हावे, नंतर नव्हे. शिवाय ते एका आकड्यावर विसंबून असू नये. वरील उदाहरणात नळी वाकू लागण्यापूर्वीचे अंतर घर्षणगुणांक ०.३ असता सुमारे ८५० मीटर, तर ०.२ असता सुमारे १,२७५ मीटर येते. घर्षणगुणांक द्रव, गाळ आणि भिंतीचा खडबडीतपणा यांवर बदलतो. प्रकल्प अहवालांत तो बहुधा एकच संख्या म्हणून मांडला जातो, ही सवय सोयीची असली तरी धोक्याची आहे.

उपाय आहेत. घर्षण कमी करणारी द्रव्ये, टोकास बसविलेली कंपनयंत्रे, नळीला आतून ओढणारे ट्रॅक्टर आणि अधिक जाड नळी. प्रत्येकाची किंमत वेगळी. जाड नळी सर्वांत सोपी वाटते. परंतु वरील नळीच्याच ५,००० मीटरचे वजन, रीळ वगळता, सुमारे २३ टन होते. ते रीळ समुद्रातील जुन्या मंचावरील क्रेनने उचलता येईल काय, हा प्रश्न नळीच्या निवडीपूर्वीच सुटलेला असावा लागतो.