हक्क गावात, माणसे फडावर

(व्याख्यानाचा मजकूर)



दसरा-दिवाळी उलटली, की बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे सांगली-कोल्हापूरकडे निघतात. काही टोळ्या पुढे कर्नाटकातही जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. म्हातारे आईवडील गावी राहतात, धाकटी मुले बहुधा सोबत येतात. या पट्ट्यातील अनेक जैन कुटुंबे पिढीजात शेतकरी आहेत, ऊस पिकवणारी आहेत. तेव्हा ही मंडळी हंगामभर राबतात ती श्रोत्यांपैकी कित्येकांच्याच शेतात. त्यांच्या कोप्या बांधावरून दिसतात. पण घरून आणलेले पोते संपल्यावर त्या कोपीत शिजणारे धान्य कोठून येते, याची चौकशी क्वचितच होते.

पुष्कळदा ते किराणा दुकानातून, बाजारभावाने आणि उधारीवर येते. वास्तविक त्याची गरज नसावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पूर्वी अडचण अशी होती, की शिधापत्रिका गावच्या दुकानाला बांधलेली आणि माणूस दोन-अडीचशे मैलांवर. ही गाठ २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुटू लागली. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था प्रथम महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांत सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. मधल्या काळात, २९ जून २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना तशी मुदत घालून द्यावी लागली. टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांची आठवण तेव्हा ताजी होती.

या व्यवस्थेतील सर्वांत उपयोगाची गोष्ट सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे : कोटा विभागून उचलता येतो. सहा जणांचे प्राधान्य कुटुंब असेल, तर गावी राहिलेल्या दोन वृद्धांनी तेथे १० किलो उचलावे आणि फडावरच्या चौघांनी शिरोळ किंवा वाळव्याच्या दुकानातून उरलेले २० किलो घ्यावे. नवे कार्ड लागत नाही, पत्ता बदलावा लागत नाही. आधार जोडलेले असावे आणि यंत्रावर अंगठा उमटावा, एवढेच.

पण तो अंगठाच उमटत नाही! वर्षानुवर्षे कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. दुकान दिवसा उघडे, आणि तोडणाऱ्याचा दिवस पहाटे अंधारात सुरू होऊन गाडी भरेपर्यंत संपत नाही. दुकानात जायचे तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. एवढे करून गेलेच, तर दुकानदार म्हणतो, "माल आमच्याच कार्डांपुरता आला आहे." त्याचेही सर्वस्वी खोटे नसते, एका गावात अचानक शंभर कोप्या पडल्या तर त्याने द्यावे कोठून? काहींच्या कार्डावर सुनेचे आणि नातवंडांचे नावच चढलेले नसते. ज्यांचे कार्ड या कायद्याखाली येत नाही, त्यांना ही सोय मुळातच नाही; त्यांना उगीच हेलपाटा घालायला लावू नये.

मुलांविषयी थोडक्यात. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला, गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतील आहार मिळतो आणि त्यांची नोंद तात्पुरत्या मुक्कामाच्या अंगणवाडीत नेता येते. शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यातच तसे म्हटले आहे. प्रत्यक्षात अडते ते अंतरामुळे. तळ गावाबाहेर असतो, तीन वर्षांचे मूल एकटे चालत जाऊ शकत नाही आणि त्याला सांभाळणारी नऊ वर्षांची बहीण स्वतः शाळेबाहेर राहते. अंगणवाडीताईंनी तळावर जावे, हाच येथे उपाय दिसतो.

थंडीत कोप्यांवर ब्लँकेटे वाटण्याची प्रथा चांगली आहे, ती चालू राहावी. मात्र ब्लँकेट एकदा देता येते, धान्य दरमहा लागते. आणि जे कायद्याने त्यांचेच आहे ते दान म्हणून हाती ठेवण्यात थोडी गल्लतही होते. त्यापेक्षा शेतमालकाने सकाळचे दोन तास मोकळे द्यावेत, त्याचा खाडा धरू नये असे मुकादमाला स्वतः सांगावे आणि आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडे त्या बाईबरोबर एकदा जाऊन यावे. गावच्या माणसासमोर दुकानदाराचा सूर बदलतो. अंगठा उमटला नाही तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आहे का, हे विचारावे. कार्ड मात्र कुटुंबाच्याच हाती राहावे. मुकादमाकडे किंवा उधारीपोटी दुकानदाराकडे ते गहाण पडू नये.

आणि हे सारे तोड सुरू झाल्यावर नव्हे, आधी व्हावे. कोणत्या टोळीत किती कोयते येणार, याची नोंद मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या शेती विभागात असतेच. ती यादी ऑक्टोबरातच तहसीलच्या पुरवठा शाखेत नेऊन दिली, तर दुकानदाराला नोव्हेंबरसाठी वाढीव माल मागता येतो.