घरातला फोटो अंधूक का येतो?

आजच्या भागात आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. लग्नातल्या किंवा सहलीतल्या फोटोंबद्दल नाही, कामाच्या फोटोबद्दल. गोधडीचा, पापडाचा, मसाल्याच्या पाकिटाचा, शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा आणि गटाच्या इतिवृत्ताच्या पानाचा फोटो. हे फोटो आपण बहुतेक वेळा घरातच काढतो, आणि तिथेच ते अंधूक येतात.

गेल्या काही वर्षांत आपल्या कामात फोटो किती आला, बघा. प्रदर्शनाला माल पाठवायचा असेल तर आधी फोटो मागतात. शहरातलं गिऱ्हाईक फोटो बघून भाव विचारतं. जनावराचा विमा काढताना कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर फोटोत दिसावा लागतो. बैठक झाली की तिचा फोटो लागतो. म्हणजे फोटो ही आता हौस राहिली नाही. तो आपल्या मालाचा आणि कामाचा पुरावा झाला आहे.

आमच्या भागातल्या एका गटाचं सांगते. पाच जणी मिळून गोधड्या शिवतात. हाताची शिवण, बारीक टाका, बघत राहावं असं काम. दिवाळीच्या आधी शहरातल्या एका दुकानदाराने फोटो मागवले. बायकांनी माजघरात खाटेवर गोधड्या पसरल्या आणि ट्यूब लावून आठ-दहा फोटो पाठवले. उत्तर आलं, "ही शिवण हाताची आहे की मशीनची, ते कळत नाही. साफ फोटो पाठवा." पुन्हा काढले, पुन्हा तसेच आले. तोवर त्याने दुसरीकडून माल घेतला. गोधडीत काही कमी नव्हतं. पण जो टाका तिची किंमत ठरवतो, तोच फोटोत दिसत नव्हता.

अशा वेळी आपण काय म्हणतो? "मला नाही बाई जमत. पोराला सांगते." मग पोरगं शाळेतून येईपर्यंत काम अडून राहतं. मैत्रिणींनो, जमत नाही असं काही नसतं. कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतात आणि घरात त्या दोन्ही कमी पडतात. त्या कोणत्या, हे कळलं की फोटो साफ येतो. मग कॅमेरा ग्रामसंघाकडचा छोटा डिजिटल असो, नाहीतर मोबाइलचा.

आधी दुखणं ओळखू या. फोटो अंधूक आला की आपण सरसकट "फोटो हलला" म्हणतो. पण अंधूक फोटो तीन प्रकारचा असतो. एक, आपला हात हलला. तेव्हा सगळा फोटो एकाच बाजूला ओढल्यासारखा दिसतो. दोन, समोरची वस्तू किंवा जनावर हललं. तेव्हा भिंत साफ दिसते आणि शेळीचं तोंड पुसट. तीन, फोकस चुकला. तेव्हा हवी ती वस्तू मऊ, धुरकट दिसते आणि मागचं कॅलेंडर मात्र स्वच्छ वाचता येतं. फोटो दोन बोटांनी मोठा करा आणि त्यात साफ काय आलं आहे ते शोधा. नको ती वस्तू साफ असेल तर फोकस चुकला. काहीच साफ नसेल आणि सगळं ओढल्यासारखं असेल तर हात हलला. ओढल्यासारखंही नसेल, सगळंच नुसतं धुरकट असेल, तर एकतर कॅमेऱ्याला फोकस सापडलाच नाही, नाहीतर काच मळली आहे.

फोकस म्हणजे काय? तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय ना, तेच उदाहरण घेऊ. जुन्या रेडिओला गोल बटण असायचं. ते फिरवताना आधी खरखर, मग आवाज साफ, थोडं पुढे गेलं की पुन्हा खरखर. मग आपण हळूच मागे यायचो आणि जिथे आवाज सगळ्यात साफ, तिथे थांबायचो. कॅमेराही तेच करतो. तो आतली काच पुढे-मागे सरकवतो, चित्रातल्या कडा कुठे सगळ्यात ठळक होतात ते बघतो आणि तिथे थांबतो. घरात फोटो काढताना पडद्यावरचं चित्र एकदा साफ, एकदा धूसर असं होत राहतं, तेव्हा कॅमेरा स्टेशन शोधत असतो. नव्या फोनमध्ये याच्या जोडीला आणखी वेगवान रीती असतात, पण उजेड आणि ठळक कडा त्यांनाही लागतातच.

म्हणून त्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. उजेड आणि रेघ. रेघ म्हणजे कडा, नक्षी, अक्षर, शिवण, जिथे फिकं आणि गडद शेजारी शेजारी येतं अशी जागा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला फोकस करायला लावा, तो नुसता चाचपडत राहील. पकडायला काही नाहीच, तर तो काय धरणार?

आता उजेडाचं. आपल्याला वाटतं, घरात तर लख्ख दिसतंय. पण आपला डोळा कमी उजेडाला सरावतो, म्हणून तो फरक जाणवत नाही. उजेड लक्स या मापात मोजतात. दुपारच्या कडक उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो आणि घरात ट्यूबलाइटखाली अंदाजे १०० ते २००. म्हणजे पाचशे ते हजार पट कमी! सुईत दोरा ओवायचा असला की आपण काय करतो? माजघरातून उठून दाराशी येतो आणि सुई उजेडाकडे धरतो. कॅमेऱ्यालाही तसंच दाराशी न्यायचं.

आता एकेक उपाय सांगते.

पहिलं काम, काच पुसा. मोबाइल आपण पिठाच्या, तेलाच्या हाताने उचलतो. काचेवर बोटाचा ठसा असला की कडा पुसट होतात आणि फोकस शोधणं अवघड होतं. धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. पदराला धूळ-वाळू असेल तर त्याने घासू नका, काचेवर चरे पडतात.

दुसरं, वस्तू दाराशी किंवा खिडकीशी आणा. कौलारू घरात काचेचं कौल असेल तर त्याच्याखालची जागाही चांगली. उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे गोधडीचा टाका उठून दिसतो. वस्तूच्या मागे मात्र खिडकी नको. मागून उजेड आला की वस्तू काळवंडते आणि कॅमेरा खिडकीचे गजच साफ दाखवतो. थेट ऊनही टाळा. ओसरीवरची सावली सगळ्यात उत्तम.

तिसरं, कॅमेऱ्याला रेघ द्या. फोनच्या पडद्यावर बोट ठेवून आपण सांगू शकतो, "इथे बघ." पापडाच्या मधोमध बोट ठेवू नका, काठावर किंवा जिऱ्याच्या दाण्यावर ठेवा. मसाल्याच्या पाकिटाचं असेल तर छापलेल्या अक्षरांवर. काळ्या शेळीच्या अंगावर कॅमेऱ्याला काहीच सापडत नाही, बिल्ल्याच्या आकड्यांवर बोट ठेवा. घासलेल्या स्टीलच्या ताटापासून सावध राहा. त्यात छताचं किंवा आपलंच प्रतिबिंब पडतं आणि कॅमेरा कधीकधी त्यालाच धरून बसतो. त्यापेक्षा सूप, टोपली किंवा सुती कापड बरं.

चौथं, फार जवळ जाऊ नका. ही चूक सर्रास होते. टाका बारीक म्हणून आपण फोन त्याला टेकवतोच. पण डोळ्याच्या अगदी जवळ धरलेलं अक्षर जसं आपल्याला वाचता येत नाही, तसंच कॅमेऱ्याचं आहे. मोबाइल वस्तूपासून निदान एक वीत लांब ठेवा. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याला साध्या सेटिंगवर साधारण हातभर अंतर लागतं. त्याहून जवळ जायचं असेल तर फुलाचं चित्र असलेलं सेटिंग लावा, ते जवळच्या फोटोसाठीच असतं. आणि वस्तूचा फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढू नका. बऱ्याच फोनमध्ये त्याचा फोकस हातभर अंतरासाठी कायमचा बसवलेला असतो, तो हलतच नाही.

पाचवं, झूम करू नका. छोट्या कॅमेऱ्यात भिंग लांब केलं की आत येणारा उजेड कमी होतो आणि फोकस आणखी चाचपडतो. झूम आधीच करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. फोटो काढल्यावर नको तो भाग कापता येतो.

सहावं, बटण हळू दाबा. डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तेव्हा हिरवी चौकट दिसते किंवा बारीक आवाज येतो. चौकट लाल झाली किंवा लुकलुकत राहिली, तर फोकस लागला नाही असं समजा. बोट उचला, एखादी ठळक कड मध्ये घ्या, पुन्हा अर्धं दाबा. फोकस लागला की बटण तसंच धरून चौकट हवी तिथे सरकवा आणि मग पूर्ण दाबा. फक्त वस्तूपासूनचं अंतर बदलू देऊ नका. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच अडकून राहतो, ती सोय याच कामाची.

सातवं, फ्लॅशचं. फ्लॅश लावला म्हणजे फोटो साफ येणार, असं नाही. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तो फोकस झाल्यानंतर पडतो. फोकस आधीच चुकला असेल तर चूकच उजेडात दिसते! वर प्लॅस्टिकच्या पाकिटावर पांढरा डाग पडतो तो वेगळाच. काही कॅमेऱ्यांना पुढच्या बाजूला लहान केशरी किंवा लाल दिवा असतो. अंधारात फोकस करायला तो थोड्या अंतरापर्यंत मदत करतो. त्यावर आपलं बोट येत नाही ना, ते बघा. गोठ्यात संध्याकाळी फोटो काढायचाच असेल, तर दुसरीला बॅटरी घेऊन बाजूला उभं करा आणि बिल्ल्यावर तिरका उजेड पाडायला सांगा. शेळीच्या डोळ्यांवर नको, ती बुजेल.

आठवं, हात स्थिर ठेवा. उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ उजेड गोळा करतो, तेवढ्यात हात हलतो. कोपर बरगड्यांना टेकवा, भिंतीला पाठ लावा, नाहीतर कॅमेरा डब्यावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

बैठकीच्या फोटोचं वेगळं सांगायला हवं. दहा-बारा जणी खोलीत गोल बसतात आणि फोटो काढणारी आतल्या कोपऱ्यात उभी राहते. मग उघडं दार बायकांच्या मागे येतं, चेहरे काळे आणि दारातली तुळस साफ. त्यापेक्षा फोटो काढणारीने दाराकडे पाठ करावी, बायकांनी अर्धगोलात बसावं आणि मधल्या जणीच्या चेहऱ्यावर फोकस घ्यावा. कॅमेरा चेहरे ओळखून त्यावर फोकस करतो, पण मान खाली असली किंवा पदर पुढे ओढलेला असला की तो चुकतो. म्हणून क्षणभर मान वर करा, सगळ्या समोर बघा. तुम्ही बैठकीला आला आहात, ते दिसू द्या.

इतिवृत्ताचं किंवा पासबुकाचं पान दाराशी जमिनीवर सपाट ठेवा, आपली सावली पडणार नाही असं वाका आणि अक्षरांवर बोट ठेवून फोटो काढा. पाठवण्याआधी मोठा करून सगळे आकडे वाचता येतात का, ते बघाच. आधार कार्डाचा, पासबुकाचा फोटो ओळख नसलेल्या कुणालाही पाठवायचा नाही, हेही त्यातच आलं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो लहान होतो आणि बारीक टाका हरवतो. गिऱ्हाइकाला पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा जातो.

येत्या बैठकीसाठी एक काम देते. एकच वस्तू घ्या, पापडाचं पाकीट किंवा गोधडीचा कोपरा. तिचे तीन फोटो काढा. एक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एक ट्यूबखाली, एक दाराशी. तिन्ही मोठे करून सगळ्याजणी मिळून बघा. आणि हे काम गटातल्या अशा बाईने करायचं, जिने आजवर कधी फोटो काढलेला नाही. घरातला फोन मालकांकडे किंवा मुलाकडे असेल तर बैठकीपुरता मागून घ्या, नाहीतर ग्रामसंघाचा कॅमेरा वापरा.

आपल्या हातचा टाका आपण घालतो, मसाला आपण कांडतो. त्याचा फोटो काढायला दुसऱ्या कुणाची वाट बघायची गरज नाही. बटण दाबण्याआधी दोनच प्रश्न विचारा. उजेड आहे का? कॅमेऱ्याला धरायला रेघ आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' आलं, की मग दाबा बटण.

तुमच्या गटातले तीन फोटो कसे आले, ते आम्हाला जरूर कळवा.